आधी समुद्राशी झुंज, मग शत्रूशी: ब्रिटिश नौदलाची पहिली विमानं आणि त्यांतली माणसं

२५ डिसेंबर १९१४. पहिलं महायुद्ध सुरू होऊन पाच महिनेही झाले नव्हते. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्याजवळ, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, तीन ब्रिटिश जहाजांनी पहाटे क्रेनच्या साहाय्यानं एकेक करत नऊ विमानं पाण्यात उतरवली. एंगडीन, रिव्हिएरा आणि एम्प्रेस ही ती जहाजं. युद्धाआधी ती इंग्लिश खाडीतून प्रवाशांची ने-आण करत असत. विमानांना जायचं होतं कुक्सहाफेनजवळच्या नॉर्डहोल्झला. तिथं जर्मन नौदलाची झेपेलिनं, म्हणजे वायूनं भरलेली अवाढव्य हवाईजहाजं, मोठमोठ्या शेडमध्ये ठेवलेली असत.

नऊपैकी सातच उडाली. दोघांना पाणी सोडताच आलं नाही. जी सात गेली, त्यांना दाट धुक्यात झेपेलिनच्या शेड सापडल्या नाहीत. परतताना तीनच विमानं आपल्या जहाजांपाशी पोचली. आणखी तीन ई-११ या ब्रिटिश पाणबुडीजवळ उतरली. पाणबुडीनं त्यातली माणसं आत घेतली, विमानं तशीच सोडून दिली आणि डोक्यावर जर्मन हवाईजहाज आलेलं असताना बुडी मारली. सातव्या विमानाचा वैमानिक फ्रान्सिस ह्युलेट समुद्रात उतरला आणि एका डच मासेमारी बोटीनं त्याला उचललं. त्याची आई हिल्डा ह्युलेट ही वैमानिकाचा परवाना मिळवणारी पहिली ब्रिटिश महिला. मुलाला विमान चालवायला तिनंच शिकवलं होतं.

या हल्ल्यात जर्मनांचं नुकसान किरकोळ झालं. पण उडालेल्या सात विमानांतला एकही माणूस दगावला नाही, आणि समुद्रातल्या जहाजांवरून विमानं नेऊन किनाऱ्यावर हल्ला करता येतो हे ब्रिटिश नौदलाला कळलं. (जपानच्या वाकामिया जहाजावरच्या विमानांनी चीनमधल्या त्सिंगताओला हे तीन महिने आधीच करून दाखवलं होतं, हेही सांगायला हवं.)

या काळाबद्दल वाचताना आपलं लक्ष शत्रूच्या गोळ्यांकडे जातं. मला मात्र वाटतं की या माणसांचा पहिला शत्रू पाणी होतं. त्यांच्या विमानाची रचना, त्यांचे निर्णय, त्यांचे हाल, सगळं त्यातून समजतं. म्हणून आधी तेच नीट समजून घेऊ.

जमिनीवर धावणाऱ्या विमानाला चाकांकडून होणारा विरोध थोडा असतो. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे, त्यामुळे पाण्यावर धावणाऱ्या विमानाला नुसतं पुढं सरकायलाच प्रचंड ताकद लागते. सीप्लेनला चाकांऐवजी खाली फ्लोट असतात, म्हणजे हलक्या लाकडाच्या लांबट पोकळ पेट्या. वेग कमी असताना त्या होडीसारख्या पाण्यात बुडून चालतात. उडायचं तर त्या आधी पाण्यात बुडालेल्या अवस्थेतून पाण्याच्या पृष्ठभागावर यायला हव्यात. चपटा दगड तिरपा फेकला की पाण्यावरून टप्पे घेत जातो, तसंच. त्यानंतर विरोध घटतो, वेग वाढतो आणि पंखांना भार उचलता येतो.

यात आणखी एक गोम आहे. गुळगुळीत गोलसर तळाला पाणी चिकटतं आणि तो तळ खाली ओढतं. त्यावर उपाय म्हणून फ्लोटच्या तळाला मध्यावर एक आडवी पायरी ठेवत. धावताना पाणी त्या पायरीपाशी तुटतं, मागच्या भागाखाली हवा शिरते, आणि मग वैमानिकाला नाक वर उचलता येतं. दिसायला साधी ही पायरी कुठं असावी, किती खोल असावी, यावर अनेकांनी वर्षानुवर्षं डोकं खपवलं.

आणि एवढं करूनही सगळं समुद्राच्या मर्जीवर. लाटा मोठ्या असल्या तर फ्लोट फुटत, उडालेलं पाणी लाकडी प्रोपेलरला झोडपून काढी. समुद्र अगदी आरशासारखा शांत असला तरी पंचाईत, कारण मग पाणी तळाला जास्तच चिकटून बसतं. वैमानिकाला हवी असायची थोडी खळबळ आणि समोरून वारा. शिवाय फ्लोटचं वजन आणि त्यांना होणारा हवेचा विरोध पूर्ण उड्डाणभर सोबत असायचा. तेवढंच इंजिन लावलेलं साधं विमान नेहमीच जास्त वर, जास्त वेगानं जाई.

विमान पाण्यात सोडायला आणि परत उचलायला जहाजाला थांबावं लागे, ते वेगळंच. पाणबुड्यांच्या समुद्रात थांबलेलं जहाज म्हणजे आयतं सावज. सीप्लेन वाहून नेणारी हर्मीस ही जुनी क्रूझर ३१ ऑक्टोबर १९१४ ला डंकर्कला विमानं पोचवून परत निघाली आणि यू-२७ या जर्मन पाणबुडीनं तिला बुडवलं. क्रेन चालवणाऱ्या माणसांनाही वैमानिकाइतकीच घाई का असे, ते यावरून कळतं.

नौदलाची ही हवाई शाखा, रॉयल नेव्हल एअर सर्व्हिस, १ जुलै १९१४ ला सुरू झाली. तिला सगळ्यात उपयोगी पडलेलं सीप्लेन म्हणजे शॉर्ट १८४. हॉरेस, युस्टेस आणि ऑस्वाल्ड या शॉर्ट बंधूंच्या कारखान्याचं हे विमान, दोन माणसांचं. इंजिन सुरुवातीला २२५ अश्वशक्तीचं सनबीम. पंखांचा विस्तार ६३ फुटांहून जास्त, पण जहाजावर मावावं म्हणून ते मागं दुमडता येत. नऊशेहून जास्त विमानं बांधली गेली, इतर कारखान्यांनीही बांधली.

हे विमान पोटाखाली १४ इंची टॉर्पेडो घेऊन जाऊ शके. टॉर्पेडोचं वजन साडेतीनशे किलोच्या पुढं, आणि इंजिनाची ताकद जेमतेम. म्हणून टॉर्पेडो न्यायचा तर निरीक्षकाला, म्हणजे मागं बसून टेहळणी करणाऱ्या माणसाला, जहाजावरच ठेवायचं आणि टाकीत पाऊण तासापुरतंच पेट्रोल भरायचं. १२ ऑगस्ट १९१५ ला चार्ल्स एडमंड्स असाच एकटा बेन-माय-क्री या जहाजावरून उडाला, गॅलिपोलीजवळची चिंचोळी पट्टी ओलांडून मार्मारा समुद्रावर गेला, पाण्यापासून पंधरा फुटांवर आला आणि एका तुर्की जहाजावर टॉर्पेडो सोडला. इतक्या खाली यायचं कारण असं की उंचावरून पडलेला टॉर्पेडो पाण्यावर आपटून मोडतो किंवा सरळ तळाला जातो. नेम लागला. हवेतून टाकलेल्या टॉर्पेडोनं जहाजावर केलेला हा पहिला यशस्वी हल्ला. ते जहाज आधीच एका ब्रिटिश पाणबुडीच्या तडाख्यानं जायबंदी होऊन किनाऱ्याला टेकलेलं होतं, त्यामुळे ‘विमानानं बुडवलेलं पहिलं जहाज’ असं म्हणताना थोडं थांबायला हवं.

पाच दिवसांनी, १७ ऑगस्टला जे झालं ते मला जास्त आवडतं. एडमंड्सनं दुसऱ्या एका जहाजावर टॉर्पेडो मारला, पण त्याचा सोबती जी. बी. डेकर याच्या विमानाचं इंजिन कुरकुरायला लागलं आणि त्याला शत्रूच्या पाण्यातच उतरावं लागलं. टॉर्पेडोच्या वजनासह पुन्हा उडणं अशक्य. मग डेकरनं विमान होडीसारखं पाण्यावरूनच चालवत नेलं, समोर दिसलेल्या एका तुर्की टगबोटीवर टॉर्पेडो सोडला आणि ती बुडवली. आता विमान हलकं झालं. पाण्यावर लांबलचक धाव घेऊन ते उडालं आणि डेकर सुखरूप परतला. वर सांगितलेलं वजनाचं सगळं गणित या एका प्रसंगात आहे.

शॉर्ट १८४ चं नाव इतिहासात गेलं ते मात्र वेगळ्या कामासाठी. ३१ मे १९१६ ला जटलंडच्या, म्हणजे ब्रिटिश आणि जर्मन नौदलांच्या मोठ्या लढाईच्या, सुरुवातीला एंगडीनवरून फ्रेडरिक रटलंडनं ८३५९ क्रमांकाचं सीप्लेन उडवलं. निरीक्षक होता जी. एस. ट्रेविन, हुद्द्यानं सहायक पेमास्टर, म्हणजे मूळचा हिशेब खात्यातला माणूस. ढग इतके खाली की हजार फुटांच्या आसपासच राहावं लागलं. त्यामुळे जर्मन क्रूझर आणि विनाशिका ओळखायला त्यांना अगदी जवळ जावं लागलं आणि खालून तोफा सुरू झाल्या. ट्रेविन शांतपणे मोजत राहिला, जहाजं किती, कुठल्या दिशेनं चालली आहेत, कधी वळली, आणि बिनतारी यंत्रावरून एंगडीनला कळवत राहिला. तेवढ्यात पेट्रोलची नळी तुटली. रटलंडनं विमान पाण्यात उतरवलं, रबरी नळीचा तुकडा लावून दुरुस्ती केली आणि पुन्हा तयार असल्याचं सांगितलं. पण समुद्र खवळत चालला होता, विमान वर उचलून घेण्यात आलं.

त्या दिवशी दोन्हीकडची मिळून अडीचशे जहाजं समुद्रात होती आणि त्यांच्यावर उडालेलं विमान हे एकच. ट्रेविनचे संदेश एंगडीनला मिळाले. एंगडीनला ते पुढं ॲडमिरल बीटीच्या जहाजापर्यंत पोचवता आले नाहीत. विमानानं आपलं काम चोख केलं आणि ते कागदावर राहिलं, ही गोष्ट वाचताना मला दर वेळी हळहळ वाटते.

त्या काळच्या बातम्यांत मोठं नाव वैमानिकाचं असे. काम मात्र मागं बसलेल्या माणसावर अवलंबून होतं. याचं सगळ्यात लखलखीत उदाहरण पूर्व आफ्रिकेत, आजच्या टांझानियातल्या रुफिजी नदीच्या मुखाशी घडलं. क्योनिग्सबर्ग ही जर्मन क्रूझर त्या नदीच्या खारफुटीच्या जाळ्यात आत जाऊन लपली होती. बाहेरच्या मोठ्या ब्रिटिश जहाजांना उथळ पाण्यात शिरता येईना आणि झाडीमुळे ती दिसेना. तिला शोधायला विमानं आणली, तर उष्ण दमट हवेनं त्यांची दैना केली. त्या काळची विमानं लाकूड, कापड आणि सरस यांची. सरस सुटला, प्रोपेलरचे थर उकलले, फ्लोटमध्ये पाणी झिरपलं. त्यात उष्ण हवा विरळ असते, त्यामुळे पंख कमी भार उचलतात आणि इंजिनही कमी ताकद देतं. इंग्लंडच्या थंड हवेत तोलून-मापून बनवलेली सीप्लेनं तिथं बॉम्बसकट पाणी सोडेनात.

शेवटी माफिया बेटावर जमीन साफ करून चाकांची विमानं आणली. ११ जुलै १९१५ ला सेव्हर्न आणि मर्सी या दोन उथळ तळाच्या तोफानौका नदीत शिरल्या. त्यांच्या तोफचींना क्योनिग्सबर्ग दिसत नव्हती. झाडीवरून आंधळेपणानं तोफ डागायची आणि गोळा कुठं पडला ते विमानातल्या माणसानं कळवायचं, मग तोफ थोडी उजवीकडे, थोडी पुढे, अशी दुरुस्ती करायची. वैमानिक होता जॉन कल, निरीक्षक हारवुड आर्नोल्ड. गोळे जवळ येत चालले असतानाच जर्मन तोफेनं विमानाचं इंजिन निकामी केलं. आम्हाला लागलंय, होडी पाठवा, असा संदेश आर्नोल्डनं दिला. आणि विमान घसरत खाली येत असताना तो उरलेल्या सेकंदांत गोळ्यांच्या जागा कळवत राहिला. त्यातच गोळे क्योनिग्सबर्गवर बसायला लागले. विमान नदीत कोसळलं, मर्सीच्या होडीनं दोघांना बाहेर काढलं. तोफचींना नेम सापडलेला होता आणि त्याच दिवशी क्योनिग्सबर्ग संपली.

खुल्या समुद्रावर तासन्‌तास गस्त घालायची तर फ्लोटवाली विमानं पुरी पडणार नव्हती. तिथं फ्लाइंग बोट आल्या. यात विमानाचा धडच होडीचा असतो. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या फेलिक्सस्टो तळाचा प्रमुख जॉन सिरिल पोर्ट यानं यावर आयुष्य वेचलं. तो मूळचा पाणबुडीवरचा अधिकारी. क्षयरोगामुळे १९११ मध्ये त्याला नौदलातून निवृत्त केलं होतं. युद्ध लागल्यावर तो परत आला. अमेरिकेतल्या कर्टिस कंपनीच्या फ्लाइंग बोट नौदलानं घेतल्या होत्या. त्यांचे पंख चांगले, पण होडीचा तळ उत्तर समुद्राच्या लाटांत टिकेना. पोर्टनं एकामागून एक तळ बनवून पाहिले, पायऱ्या बदलल्या, आकार बदलला, आणि त्यातून फेलिक्सस्टो एफ-२ए तयार झाली. दोन रोल्स-रॉइस ईगल इंजिनं, जवळजवळ पाच टन वजन, चार माणसं. पोर्ट १९१९ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी गेला.

या चौघांची कामं ठरलेली होती. एक वैमानिक विमान चालवी. दुसरा बहुतेक वेळ पुढच्या टोकाला उघड्या खळग्यात उभा राहून समुद्र न्याहाळी, नकाशा आणि बंदूक दोन्ही सांभाळी. तिसरा बिनतारी यंत्रावर. चौथा इंजिनिअर, मधल्या भागात पेट्रोलच्या टाक्यांजवळ. वाऱ्यानं फिरणारे छोटे पंप पेट्रोल वरच्या पंखातल्या टाकीत चढवत, ते नीट चालले आहेत ना हे तो पाही, आणि वेळ पडली तर उडत्या विमानाच्या पंखावर चढून इंजिनाशी हात घाली. सहा-सहा तास उघड्या वाऱ्यात, इंजिनांच्या गोंगाटात, बोलणं अशक्य म्हणून खाणाखुणांनी आणि चिठ्ठ्यांनी. थंडीवरचा सगळ्यात चांगला उपाय १९१७ मध्ये याच शाखेतल्या सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकानं शोधला. तेल-ग्रीस मुरलेल्या आपल्या कामाच्या कपड्यांत आपल्याला इतरांपेक्षा कमी थंडी वाजते, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यावरून त्यानं अनेक थरांचा एकसंध पोशाख शिवून घेतला. ‘सिडकॉट’ नावाचा तो पोशाख पुढं कित्येक वर्षं वैमानिक वापरत राहिले.

एप्रिल १९१७ पासून फेलिक्सस्टोच्या बोटींनी ‘कोळ्याचं जाळं’ नावाची गस्त सुरू केली. नॉर्थ हिंडर नावाचं एक दीपजहाज, म्हणजे दीपस्तंभासारखं दिवा दाखवत एका जागी नांगरलेलं जहाज, मध्यबिंदू धरून नकाशावर आठ बाजूंची आकृती काढली. मध्यापासून आठ दिशांना तीस-तीस सागरी मैलांच्या रेषा, आणि त्या जोडणाऱ्या आडव्या रेषा. या रेषांवरून विमानं फिरत. सुमारे चार हजार चौरस मैल समुद्र यात येई. जर्मन पाणबुड्यांची ये-जा इथूनच होती.

याचं तर्कशास्त्र समजून घेण्यासारखं आहे. त्या काळची पाणबुडी बहुतेक वेळ पाण्यावरून डिझेल इंजिनवर चाले. पाण्याखाली ती बॅटरीवर, अगदी हळू, थोडेच तास जाऊ शके. हे जाळं पाण्यावरून ओलांडायला तिला सुमारे दहा तास लागत. वर विमान दिसलं की बुडी मारणं भाग, बुडी मारली की वेग गेला आणि बॅटरी संपायला लागली. विमानांनी प्रत्यक्ष बुडवलेल्या पाणबुड्या फारच थोड्या, युद्धकाळात केलेले बरेच दावे पुढं टिकले नाहीत. पण बुडी मारून बसलेली पाणबुडी व्यापारी जहाजाच्या मागं लागू शकत नाही. गस्तीचं यश असं न घडलेल्या गोष्टींत मोजावं लागतं, म्हणूनच या माणसांना त्यांच्या वाट्याचं श्रेय कमी मिळालं असं माझं मत आहे.

ग्रेट यारमथच्या तळावरची ८६६६ क्रमांकाची कर्टिस बोट या सगळ्याची साक्षीदार. १४ मे १९१७ ला तिनं एल-२२ हे झेपेलिन डच किनाऱ्यापाशी गाठून पाडलं. सुकाणू रॉबर्ट लेकीच्या हाती होतं. हा ग्लासगोत जन्मलेला आणि कॅनडात वाढलेला तरुण. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला तीच बोट आणि सोबत एक डीएच-४ विमान झेपेलिनच्या मागावर गेलं. डीएच-४ चाकांचं विमान, त्याला तरंगता येत नाही. परतताना त्याचं इंजिन बंद पडलं आणि ते समुद्रात कोसळलं. लाटा मोठ्या होत्या, उतरलो तर पुन्हा उडता येणार नाही हे बोटीवरच्यांना दिसत होतं. तरी ते उतरले आणि त्या दोघांना आत घेतलं.

आता चौघांच्या बोटीत सहा माणसं, फुटक्या तळातून पाणी येतंय, उडणं अशक्य. बिनतारी यंत्र का वापरलं नाही, असं कुणालाही वाटेल. त्या यंत्राला वीज मिळे ती वाऱ्यानं फिरणाऱ्या छोट्या जनित्रातून, आणि अँटेना म्हणजे विमानाच्या मागं सोडलेली लांब तार. विमान पाण्यावर थांबलं की दोन्ही निरुपयोगी. म्हणून प्रत्येक गस्तीवर टोपलीतून कबुतरं नेत. या बोटीवर चार होती. चिठ्ठ्या बांधून ती सोडली. माणसं पाणी उपसत राहिली. खायला काही नव्हतं. तीन दिवसांनी, ८ सप्टेंबरला, हॅल्सियन या जहाजाला ती सापडली आणि सहाही जण जिवंत परतले. एक कबुतर किनाऱ्यापर्यंत पोचून दमणुकीनं मेलेलं सापडलं होतं, पायाला चिठ्ठी तशीच. तळावरच्या लोकांनी त्याला पेंढा भरून काचेच्या पेटीत ठेवलं आणि खाली पाटी लावली: ‘एक अत्यंत शूर सद्गृहस्थ’.

नौदलानं मोठी बॉम्बर विमानं बांधायला घ्यावीत, याचं कारणही झेपेलिनच. हवेत असलेलं झेपेलिन गाठणं कठीण, शेडमध्ये असलेलं सोपं. ८ ऑक्टोबर १९१४ ला रेजिनाल्ड मॅरिक्सनं एका छोट्या सॉपविथ टॅब्लॉइडमधून ड्युसेलडॉर्फच्या शेडवर बॉम्ब टाकले आणि आतलं झेड-९ हे झेपेलिन जळून खाक झालं. परतताना पेट्रोल संपलं, म्हणून तो अँटवर्पच्या दिशेनं उरलेल्या वाटेतली बरीचशी सायकलवरून आला. ते बॉम्ब प्रत्येकी वीस पौंडांचे, म्हणजे नऊ किलोंचे. शेड पेटवायला पुरेसे, पण गोदी किंवा युद्धनौका मोडायला अगदीच तोकडे.

नौदलाच्या हवाई विभागाचे प्रमुख मरे स्यूटर यांनी मग फ्रेडरिक हॅंडली पेजकडे शत्रूला लुळं करून टाकेल असं विमान मागितलं. १७ डिसेंबर १९१५ ला हॅंडली पेज ओ-१०० पहिल्यांदा उडालं. पंखांचा विस्तार शंभर फूट, दोन ईगल इंजिनं, आणि ११२ पौंडांचे सोळा बॉम्ब. वर्षभरापूर्वीच्या मानानं ही झेप केवढी, याचा हिशेब वाचकांनीच करावा. एवढं संथ आणि अवजड विमान दिवसा टिकणार नाही, म्हणून ते मुख्यतः रात्री उडे. रात्री वाट चुकणं सोपं, आणि ढगात तर दिवसाही. १ जानेवारी १९१७ ला इंग्लंडहून फ्रान्सला निघालेलं एक नवंकोरं ओ-१०० ढगांमुळे रस्ता चुकलं आणि जर्मनांच्याच ताब्यातल्या भागात उतरलं. जर्मनांना ते जसंच्या तसं मिळालं.

एक ओ-१०० मात्र इंग्लंडहून एजियन समुद्रातल्या मुद्रोसपर्यंत नेलं गेलं. जुलै १९१७ मध्ये त्यानं रात्री कॉन्स्टँटिनोपलला उभ्या असलेल्या गोबेन या युद्धनौकेवर बॉम्ब टाकले. गोबेन वाचली, तिच्याजवळची यादिगार-ए-मिल्लेत ही तुर्की विनाशिका बुडाली. ३० सप्टेंबरला हेच विमान पुन्हा निघालं. एक इंजिन बंद पडलं, समुद्रात उतरावं लागलं आणि वैमानिक जॉन अल्कॉक युद्धकैदी झाला. दोन वर्षांनी आर्थर ब्राउनसोबत न थांबता अटलांटिक ओलांडणारा अल्कॉक तो हाच.

आपल्या माणसांचा या सीप्लेनशी थेट संबंध आला तो मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये. तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत-अल-अमारा या गावात जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्की वेढ्यात अडकली होती. त्यात १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा अशा तीन मराठा पलटणी होत्या. कोकण-देशावरची हजारो पोरं तिथं दिवसेंदिवस घटत्या शिध्यावर जगत होती. धान्य दळायला जातीही पुरेशी नव्हती, म्हणून विमानातून दळणाचे दगड टाकले गेले. घोडे कापून खायची वेळ आली तेव्हा अनेक हिंदी शिपायांनी ते मांस कित्येक आठवडे नाकारलं आणि अन्न-जीवनसत्त्वांच्या अभावानं त्यांच्यात स्कर्व्ही पसरला.

१५ एप्रिल १९१६ पासून लष्कराच्या हवाई दलाची विमानं आणि नौदलाची शॉर्ट सीप्लेनं मिळून कुतवर अन्न टाकू लागली. वेढलेल्या सैन्याला हवेतून जगवण्याचा एवढा प्रयत्न याआधी झालेला नव्हता. दोन आठवड्यांत सुमारे १४० फेऱ्यांत १९,००० पौंड, म्हणजे साडेआठ टनांच्या आसपास धान्य-पीठ टाकलं गेलं. एका फेरीला साठ-पासष्ट किलो. टाउनशेंडला दिवसाला पाच हजार पौंड हवे होते. तेरा हजार माणसं धरली तर टाकलेलं अन्न माणशी दिवसाला पन्नास ग्रॅमही भरत नाही, आणि गावातले रहिवासी वेगळेच. त्यातल्या काही गोण्या नदीत पडल्या, काही तुर्की खंदकांत.

यात वैमानिकांचा आळस किंवा भित्रेपणा शोधायला जागा नाही. रुफिजीला जे झालं तेच इथं होतं: एप्रिलची तापलेली विरळ हवा, थकलेली इंजिनं, खाली लटकणारे अवजड फ्लोट, गढूळ ओढीच्या नदीवरून लांब धाव, आणि उरलेल्या इवल्याशा ताकदीवर बांधलेल्या पिठाच्या गोण्या. गोण्यांच्या ओझ्यानं विमान इतकं सुस्त होई की हल्ला झाला तर वळून निसटणंही जमत नसे. अखेरच्या दिवसांत एक सीप्लेन शत्रूच्या विमानानं पाडलं. वैमानिक जखमी झाला, मागं बसलेला निरीक्षक ठार.

२९ एप्रिल १९१६ ला कुत शरण गेलं. कैद झालेल्यांतले हजारो जण वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत मेले, त्यांत मराठा शिपाईही होते. ११७ व्या पलटणीला तिच्या महायुद्धातल्या कामगिरीबद्दल १९२१ मध्ये ‘रॉयल’ हा किताब मिळाला.